‘यूट्यूब नाही ओ मॅडम, एज्युकेशनलच अ‍ॅप आहेत सगळे’

"मॅडम, चार वर्षाच्या पोराला टॅबवर कुठलं अ‍ॅप लावून देऊ, एखादं चांगलं सांगा ना" हा प्रश्न, पोरांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडं येणाऱ्या आईबापांकडनं, आता इतक्या वेळा येतो की परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत पण आला. लोकांना नाव पाहिजे असतं, की हे घ्या, डाऊनलोड करा, संपलं. नावं मी सांगतेच, खाली सांगणार पण आहे, पण नुसत्या नावानं काम होत नाही हे एका घराच्या उदाहरणावरून सांगते. घरच्यांना विचारून लिहितीय, आणि ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.

मुलगा सव्वाचार वर्षांचा, त्याला आपण चिकू म्हणू. घर हरिपूरला, पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात, मम्मी विश्रामबागेत एका पतसंस्थेत नोकरीला. दुपारी शाळा सुटली की चिकू आज्जीच्या ताब्यात, म्हणजे खरं तर टॅबच्या ताब्यात. टॅब पुण्याच्या काकानं वाढदिवसाला दिलेला. तक्रार नेहमीचीच, टॅबशिवाय घास जात नाही, काढून घेतला की आरडाओरडा, फरशीवर लोळण. पण मम्मीला कोडं पडलेलं ते वेगळंच. "यूट्यूब मी केव्हाच बंद केलंय, आहेत ते सगळे एज्युकेशनलच अ‍ॅप आहेत, त्याला इंग्लिशमधून सगळे रंग येतात, वन टू फिफ्टी येतं, मग तरी असा का करतोय? माझं अ‍ॅप निवडायला चुकलंय का?" टॅब काढून टाकायला तिचं मन होत नव्हतं कारण पोरगं शिकतंय असं तिला दिसत होतं आणि त्यात तिचं काही चूक नाही, स्क्रीनवर दिसतंच तसं.

मी म्हटलं पुढच्या वेळी चिकू आणि टॅब दोघांनाही घेऊन या.

टॅब उघडला तर चाळीसच्या वर अ‍ॅप. मम्मी म्हणाली मी फार तर सात-आठ घेतलेले, बाकीचे कुठनं आले? कुठनं आले ते चिकूनं पाच मिनटात दाखवलं. त्याचं आवडतं एबीसीचं अ‍ॅप होतं, एक मांजराचं पिल्लू अक्षरं शिकवतं. ए वर बोट ठेवलं की अ‍ॅपल उडी मारतं, टाळ्या वाजतात, स्क्रीनभर चांदण्या पडतात. तीन-चार अक्षरं झाली की मधेच ट्रकच्या गेमची जाहिरात. ती घालवायची फुली लगेच येत नाही, थोड्या वेळानं कोपऱ्यात येते आणि ती पण तांदळाच्या कणीएवढी, माझंच बोट तिच्यावर नीट पडेना तर त्याचं काय पडणार. बोट जाहिरातीवर पडलं, प्ले स्टोअर उघडलं, तिथलं मोठं बटण त्यानं सराईतपणे दाबलं, ट्रकचा गेम टॅबमध्ये हजर. फुकटच्या अ‍ॅपला पासवर्ड लागतोच असं नाही, त्यामुळं घरात कुणाला पत्ताच नाही. परत मांजराकडं आला तर तिथं एक हलणारं गिफ्टचं खोकं, ते फोडलं की स्टिकर, आणि उद्या परत आलास तर अजून एक.

आता खरी गंमत पुढं आहे. मी त्याला म्हटलं, चल आता हे बंद करू. त्यानं बाहेर पडायचं बटण दाबलं तर मांजराचे डोळे भरून आले, ओठ थरथरायला लागले आणि खाली दोन बटणं, एक मोठं रंगीत, खेळत राहण्याचं, दुसरं बारीक राखाडी, जाण्याचं. चिकूनं माझा हात धरला आणि म्हणाला, "नको ना, माऊ रडतीय."

मम्मी बघतच राहिली. घरी तो ओरडायचा त्यात माऊ-माऊ असं काहीतरी असायचं, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय. तिला वाटायचं हट्ट करतोय, आणि हा मांजराची समजूत घालायला धडपडत होता.

हे एकाच अ‍ॅपपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये पाच वर्षापर्यंतच्या मुलांसाठीचे 135 अ‍ॅप तपासले होते, त्यातल्या 95 टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. अशी रडणारी पात्रं पण त्यात सापडली होती. आणि आपल्याकडं आईबाप बघतात काय तर प्ले स्टोअरवरचं "3+". त्याचा अर्थ तीन वर्षाच्या मुलांसाठी बनवलंय असा होत नाही ओ. आत मारामारी, शिवीगाळ, अश्लील काही नाही एवढंच ते सांगतं, साध्या कॅल्क्युलेटरला पण 3+ असतं. "एज्युकेशन" हा कप्पा तर बनवणारा स्वतःच निवडतो.

म्हणून माझं बघायचं जरा उलटं आहे. अ‍ॅप काय शिकवतं हे मी शेवटी बघते, आधी बघते ते थांबतं कसं. गोष्ट संपते, चित्र काढून पूर्ण होतं, कोडं सुटतं, तिथं पोराला मान वर करायला जागा मिळते. ज्याला शेवटच नाही, एक झालं की आपोआप दुसरं, वर बक्षीस, त्यात चार वर्षाचं मूल स्वतःहून थांबेल ही अपेक्षाच फुकटची आहे. आपण तरी थांबतो का, भडंगाचा पुडा उघडला की तळ लागेपर्यंत हात जातच राहतो तसं रिल्सचं होतं आपलं, आणि आपण तर थोराड झालेलो आहोत.

तर कुठलंही अ‍ॅप पोराला द्यायच्या आधी रात्री तो झोपल्यावर स्वतः पंधरा मिनटं खेळून बघा. प्ले स्टोअरवर नावाखालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, ते वाचा. मग टॅब एरोप्लेन मोडवर टाकून अ‍ॅप उघडा, नेटशिवाय चालतंय का बघा, चालत असेल तर पोराला तसंच द्या, नेट नसलं की नवीन जाहिराती यायला वाट राहत नाही. आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन बघा, हे कुणी करतच नाही. चिकूच्या एका रंगाच्या अ‍ॅपमध्ये चार फुगे यायचे, चुकीचा दाबला तर नुसतं "टुंग", बरोबर लागेपर्यंत दाबत राहायचं. तो काही न बघता चारही फुगे टकाटक दाबायचा, एक तरी लागणारच की. मी त्याला टेबलावरचं जांभळं पेन दाखवलं आणि विचारलं हा कुठला कलर? तो म्हणाला, "पेन." परत विचारलं तर "ब्लू". आणि त्याच अ‍ॅपमध्ये पर्पलला त्याला तीन स्टार होते. मम्मीचा चेहरा पडला, पण मला वाटतं त्या पेनानंच तिचा निर्णय सोपा केला.

आता काय केलं ते सांगते. चाळीस अ‍ॅपमधनं सगळी साफसफाई करून तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्सनी 2015 मध्ये सुरू केलेली वेबसाईट, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं फुकट, मराठीत पण पुष्कळ आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणं लावलेली आहेत. ही आज्जीसाठी. आज्जी सातवी शिकलेल्या, छापील पुस्तकातलं बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सुटलेलं, टॅबवर बोटानं अक्षर मोठं करता येतं हे कळल्यावर त्या चिकूच्या आधीच पान उलटायला लागल्या. दुसरं खान अकॅडमी किड्स, फुकट आहे, जाहिरात नाही, आत खरेदी नाही, दोन ते आठ वर्षाच्या मुलांसाठी आहे. पण इंग्लिशमध्ये आहे आणि उच्चार अमेरिकन, त्यामुळं ते मम्मीबरोबर संध्याकाळी, एकट्यानं नाही. "मग इंग्लिश मागं पडेल का" असं मम्मीनं विचारलंच. नाही पडत. आज्जीशी मराठीत भरपूर बोलणाऱ्या पोराला इंग्लिश नंतर जड जात नाही, उलट कुठल्याच भाषेत कुणाशी नीट बोलणं होत नाही अशा पोरांची मला जास्त काळजी वाटते.

तिसरं अ‍ॅप म्हणजे टॅबमधला कॅमेरा. हसू नका. लहान मुलासाठी माझ्या मते याच्याइतकं चांगलं काही नाही आणि ते आधीपासनंच टॅबमध्ये असतं. चिकूनं पहिल्या दिवशी काढलेले फोटो मम्मीनं मला दाखवले, सगळ्यांच्या चपला, आज्जीचा पाय, परत आज्जीचा पाय, शेजारच्यांची शेळी मागनं. रविवारी पप्पा त्याला दुकानात घेऊन गेले तर पोत्यांचे फोटो, हळकुंडं हातात धरून फोटो. ते घरी आज्जीला दाखवले आणि आज्जीनं पेवांची गोष्ट काढली, की आपल्या हरिपुरात हळद जमिनीत खोल खड्ड्यात ठेवायचे, पेव म्हणायचे त्याला, 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवांची वाट लागली. आता हा जिथं तिथं विचारतोय "इथं पेव हाय का?" 2015 मध्ये अमेरिकेतल्या काही बालमानसशास्त्रज्ञांनी चांगलं शैक्षणिक अ‍ॅप कसं ओळखायचं यावर लिहिलं होतं, की मुलाचं डोकं चाललं पाहिजे, लक्ष फुटता कामा नये, शिकलेलं त्याच्या रोजच्या आयुष्याशी जुळलं पाहिजे आणि कुणाशी तरी बोलणं झालं पाहिजे. शेळीच्या मागच्या बाजूच्या फोटोत हे सगळं बसतं.

सेटिंगचं काम मम्मीनं एका संध्याकाळी उरकलं. गुगलचं फॅमिली लिंक लावलं, त्यामुळं नवीन अ‍ॅप घ्यायला आईची परवानगी लागते, दिवसाची वेळ ठरते, रात्री टॅब आपोआप लॉक होतो. प्ले स्टोअरला खरेदीसाठी पासवर्ड लावला, हे तर ज्यांच्या मोबाईलमध्ये यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं आहे त्यांनी आजच करा.

वेळेचं म्हणाल तर भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, 2021 मध्ये सांगितलंय की दोन वर्षाच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच, नातेवाईकांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षात जास्तीत जास्त एक तास, तो पण मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. जागतिक आरोग्य संघटना पण 2019 पासनं दोन ते चार वर्षासाठी एक तासाच्या आतच म्हणते. ही वरची हद्द आहे, तास भरलाच पाहिजे असं नाही.

हे मी सांगितलं तेव्हा आज्जी पहिल्यांदा बोलल्या. "म्याडम, त्यो टॅब घिऊन गप बसतोय म्हणून मी भाकरी करून घेती. गुडघं धरल्यात माझं, त्याच्या मागं पळू का चुलीम्होरं बसू?" याला माझ्याकडं पुस्तकी उत्तर नव्हतं आणि अशा वेळी आज्जीला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो, दुपारभर पोर सांभाळायचं त्यांनी आणि सल्ले द्यायचे बाकीच्यांनी. म्हणून टॅबची वेळच तिथं नेऊन ठेवली. संध्याकाळी आज्जी भाकऱ्या थापतात तेव्हा अर्धा तास, स्वयंपाकघरातच, त्यांच्या शेजारी पाटावर बसून, आवाज चालू ठेवून, म्हणजे काय चाललंय ते त्यांच्या कानावर पडतं आणि "आं? कोण पडलं रं विहिरीत?" असं त्या मधेच विचारतात. आणि थांबायचं घड्याळावर नाही, त्या वयात पाच मिनटं म्हणजे काय ते कळत नाही. ही गोष्ट संपली की टॅब कपाटावर, पहिली भाकरी चिकूची. जेवताना टॅब पूर्ण बंद.

सुरवातीला तमाशा झालाच. तिसऱ्या दिवशी टॅब आपटला, काच तडकली. पहिला आठवडा कमी जेवला, मम्मी घाबरून फोन करायची, मी म्हटलं भूक लागली की जेवेल, ताट समोर ठेवा आणि मागं लागू नका. माऊ कुठं गेली म्हणून रोज विचारायचा. मी सांगितलेलं की खरं सांगा, ते अ‍ॅप आपण काढलं म्हणून. आज्जीनं परस्पर "माऊ मिरजेला गेली मावशीकडं" सांगून टाकलं, तर पोरगं रेल्वेनं मिरजेला जाऊया म्हणून मागं लागलं. पंधरा-वीस दिवसांनी विचारायचा थांबला. लोळण आता पण कधीमधी होते, पण थोडी, आणि पाहुणे आले की जरा जास्त.

एक गोष्ट इथंच सांगते कारण नुसतं अ‍ॅप विचारायला येणाऱ्यांत काही जणांचा प्रश्न वेगळाच असतो. मूल अडीच-तीन वर्षाचं झालं आणि दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, तर "बोलायला शिकवणारं अ‍ॅप" शोधत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानाची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत जात असेल तर आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम तपासायला येते, सेविकाताईंना सांगून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

चिकूच्या घरात आता एकच भानगड शिल्लक आहे, पप्पांचा मोबाईल. टॅब कपाटावर गेला की स्वारी तिकडं वळते, आणि त्यात यूट्यूब, रिल्स, सगळं उघडं. पप्पांनी पॅटर्न बदलला तर चिकूनं तो दोन दिवसात मांडीवर बसून बघून घेतला. पुढच्या भेटीला पप्पांना बोलवलंय, पण सध्या हळदीचे सौदे जोरात आहेत म्हणून ते अजून आलेले नाहीत.