जानेवारी १९९३ मध्ये तू गच्चीवर होतास का?

तू लिहिलंयस की तुमच्या गावात दीड महिन्यापूर्वी दंगल झाली. मैत्रीण दुसऱ्या धर्माची, दोघंही २२ वर्षांचे, आणि घरचे, मित्र, सगळे म्हणतायत "आता सोड". अशातून गेलेलं नातं टिकलेलं कुणी पाहिलंय का, हा तुझा प्रश्न. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतेय.

पाहिलंय. माझंच आहे.

१९९२ साली मी लोअर परळला चाळीत राहायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर त्यांना परत कामावर घेतलंच नाही. तो, म्हणजे आता माझा नवरा, माहीमचा, कोकणी मुसलमान. माटुंग्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. त्याचं गाव दापोली तालुक्यात, माझं गुहागरात. त्याची आई माझ्या आजीसारखीच हेल काढून बोलायची, हे मला पहिल्या भेटीतच लक्षात आलं होतं. आमचं पहिलं भांडण सांदणांवरून झालं, म्हणजे कोकणातल्या त्या वाफवलेल्या गोड पदार्थावरून. फणसाची खरी की नारळाच्या दुधातली खरी, यावर आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो. धर्म तेव्हा मध्ये नव्हता असं नाही. घरी कुणालाच माहीत नव्हतं, त्यातच काय ते आलं.

६ डिसेंबरला रविवार होता. महापरिनिर्वाण दिन, दादरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या लोकांनी रस्ते भरलेले. इतक्या गर्दीत आपल्याला कोण ओळखणार म्हणून आम्ही मुद्दाम तोच दिवस निवडला होता. पुस्तकांच्या स्टॉलांमधून दोन तास फिरलो. घरी पोचले तर सगळी चाळ एका रेडिओभोवती जमलेली. अयोध्येत बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली होती. मुंबई त्या रात्रीपासूनच पेटायला लागली.

डिसेंबरातून आम्ही कसेबसे बाहेर आलो. जानेवारी वेगळा होता. ७ तारखेच्या रात्री जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं जाळली, आणि त्यानंतर आमच्या चाळीतल्या बायकासुद्धा वेगळं बोलायला लागल्या. मुलांनी रात्रीचा पहारा सुरू केला. गच्चीवर दगड, सोड्याच्या बाटल्या. समुद्रातून बोटी भरून माणसं येणार अशी अफवा होती, आणि शिकलेले लोकही त्या अंधारात डोळे लावून बसायचे. माझा थोरला भाऊ, दादा, पहाऱ्यात होता. रात्री दोन वाजता पोरांना चहा लागायचा, तो मी न्यायचे. पेले खाली ठेवायचे तर दगड बाजूला सारावे लागायचे. ते मी माझ्या हातांनी सारलेत.

त्याच्याकडे फोन नव्हता. इमारतीखालच्या वाण्याचा पीपी नंबर होता, म्हणजे फोन वाण्याचा, निरोप त्याला. कर्फ्यूत वाण्याचं दुकान बंद आणि आमच्या नाक्यावरचा पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं बूथ, तेही बंद. बारा दिवस तो जिवंत आहे की नाही हे मला कळलं नाही. कुणाला विचारायची सोय नव्हती, रडायचीही नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत होतो आम्ही. मोरीत नळ सोडून जे काय व्हायचं ते.

पुढे या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला. त्यात डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० मृत्यू नोंदलेत. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांचा धर्म कळलाच नाही, आणि ५ इतर. मतदारयाद्या हातात घेऊन घरं-दुकानं हेरणाऱ्या जमावांचाही त्यात उल्लेख आहे. अहवाल वाचताना मी त्या ४५ वर थांबले होते. आजही थांबते.

आता जे सांगतेय त्याच्यासाठीच हे उत्तर लिहायला बसले.

फेब्रुवारीत आम्ही फोर्टातल्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर भेटलो. तो वाळला होता. पहिली दहा मिनिटं आम्ही पेपरातलं बोललो, म्हणजे खरं तर काहीच बोललो नाही. मग मी त्याला विचारलं, "तू गच्चीवर होतास का?" तो म्हणाला, "होतो. अकरा रात्री." त्यांच्याकडेही बाटल्या होत्या, त्यांनाही वाटत होतं की आज रात्री आमच्या बाजूची माणसं येणार. मी त्याला चहाचं सांगितलं, दगड सारल्याचं सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग त्याने एवढंच विचारलं, "साखर किती घालायचीस?" चेष्टा नव्हती ती. त्याला ती रात्र डोळ्यांसमोर आणायची होती.

आमचं टिकलं ते त्या दुपारमुळे. "आपण दोघं यातले नाही, आपलं प्रेम वेगळं" असं म्हटलं असतं तर त्या दिवसापुरतं गोड वाटलं असतं, आणि पुढच्या दंगलीत तुटलं असतं. पुढचं लांब नव्हतंच. १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यातला एक स्फोट झाला तो सेंच्युरी बाजार आमच्यापासून चालत जाण्याइतका. त्या संध्याकाळी मला त्याचा राग आला होता. त्याचा, ज्याने मुंगीही मारली नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर मी त्याला तेही सांगितलं. तू आणि ती असं बोलला आहात का? दंगलीच्या दिवसांत तू कुठे होतास, काय ऐकून मान डोलावलीस, तिच्या लोकांबद्दल मनात काय आलं, हे तिला सांग. तिचंही ऐक. ते ऐकून जर दोघं बसून राहू शकलात, तर पुढच्या गोष्टी कायद्याने होतात.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या घरच्यांनी माहीमची खोली विकली आणि मुंब्र्याला गेले. त्या वर्षात अशी कितीतरी कुटुंबं गेली. मग करी रोडहून स्लो लोकल पकडून मी मुंब्र्याला जायचे, पुढची तीन वर्षं.

१९९६ मध्ये आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. कुणालाही धर्म बदलावा लागत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण हवीत. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लागते, आणि ३० दिवसांनी तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत उरकावं लागतं, नाहीतर पुन्हा नोटीस. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत: आधीचं लग्न, वय, मनाची अवस्था, जवळचं नातं. आईवडिलांना मान्य नाही हे त्यात कुठेच नाही. जिवाला धोका वाटला तर २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याबद्दल निर्देश दिलेत. वकील गाठ, आणि तो तुमच्या गावाबाहेरचा असू दे.

ते ३० दिवस मात्र फार कठीण असतात. आमची नोटीस कुणीतरी वाचली आणि चाळीत येऊन सांगितलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून निजले. दादा मला गॅलरीत घेऊन गेला. मला वाटलं हात उगारेल. त्याने विचारलं, "तू आम्हाला चहा आणत होतीस तेव्हाही हे होतंच का?"

मी म्हटलं, "होतंच."

तो सात वर्षं माझ्याशी बोलला नाही. अण्णा शेवटपर्यंत बोलले नाहीत. आई दर महिन्याला, देवळात जाते सांगून, माझ्याकडे यायची. हे तुला सांगायला हवं, कारण नातं टिकतं म्हणजे सगळं टिकतं असं नाही.

आता दादा येतो. मे महिन्यात हमखास, फणस घेऊन. हे दोघं जेवतात, क्रिकेट बघतात, गावच्या जमिनीचं बोलतात. जानेवारीच्या रात्रींबद्दल एकमेकांशी अजून एक शब्द बोललेले नाहीत. दरवर्षी सांदणं वाढताना मी दोघांच्या तोंडाकडे बघते, की यंदा कुणी विषय काढतोय का.