'द हू' हा बँड खरोखर मॉड होता, की तो केवळ प्रसिद्धीचा भाग होता?

आपण विचारले आहे, की 'द हू' हे साठच्या दशकातील ब्रिटिश रॉक बँडवाले मुळातच मॉड, म्हणजे नीटनेटक्या कपड्यांचे, स्कूटरचे आणि संगीताचे वेड असलेल्या तरुणांपैकी होते, की मॉडचा पोशाख त्यांच्यावर प्रसिद्धीसाठी चढवण्यात आला. माझ्या मते पोशाख बाहेरूनच आला. परंतु ज्या श्रोत्यांना आकर्षित करण्यासाठी तो चढवला, त्याच श्रोत्यांनी पुढे हा बँड घडवला.

बँडचे मूळ पश्चिम लंडनमधील ॲक्टन भागात आहे. पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा रॉजर डॉल्ट्री, प्राप्तिकर खात्याच्या कचेरीत नोकरी करणारा जॉन एंटविसल आणि ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकणारा पीट टाउनशेंड हे तिघे 'द डीटूर्स' या नावाने पबमध्ये आणि समारंभांत इतरांची लोकप्रिय गाणी वाजवत असत. त्याच नावाचा दुसरा बँड असल्याचे १९६४च्या सुरुवातीस समजले, तेव्हा टाउनशेंडचा मित्र रिचर्ड बार्न्स याने 'द हू' हे नाव सुचवले. काही महिन्यांत कीथ मून ड्रमवादक म्हणून आला आणि चौकडी पूर्ण झाली. या टप्प्यापर्यंत त्यांच्यात मॉड म्हणावे असे फारसे काही नव्हते.

मॉड मंडळी त्यांच्याआधीची. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये आधुनिक जॅझ ऐकणारी आणि इटालियन धाटणीचे सूट शिवून घेणारी काही मोजकी मुले होती. काम सहज मिळत होते, कपडे आणि स्कूटर हप्त्याने घेता येत होती, आणि १९६०नंतर सक्तीच्या लष्करी सेवेची नवी भरतीही थांबली. त्यामुळे ही आवड कामगार घरांतील तरुणांपर्यंत झपाट्याने पसरली. (ज्या व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा स्कूटर त्याच काळात महाराष्ट्रात तयार होऊन इथल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचे वाहन ठरत होत्या, त्याच तिथे एकट्या तरुणाच्या ऐटीचे साधन होत्या, हे मला फार लक्षणीय वाटते.) रात्रभर नाचता यावे म्हणून ॲम्फेटामाइन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जात. १९६४मध्ये मार्गेट आणि ब्रायटनच्या किनाऱ्यांवर रॉकर्सशी, म्हणजे चामडी जाकिटे घालणाऱ्या मोटारसायकलवाल्या तरुणांशी, झालेल्या मारामाऱ्यांमुळे मॉड हे नाव देशभर झाले, तरी मारामारीपेक्षा नीटनेटकेपणाचा ध्यास हीच त्यांची खरी ओळख होती.

याच सुमारास स्वतः कट्टर मॉड असलेला प्रसिद्धिप्रमुख पीटर मीडन बँडच्या आयुष्यात आला. त्याने त्यांचे केस कापवले, कपडे बदलले आणि नावही 'द हाय नंबर्स' केले. जुलै १९६४मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंची गाणी मीडनने लिहिली होती. 'आय ॲम द फेस' या गाण्याची चाल तर अमेरिकन ब्लूज गायक स्लिम हार्पो याच्या गाण्यावरून उचललेली होती. रेकॉर्ड साफ पडली आणि ते स्वाभाविक होते असे मला वाटते, कारण अस्सल अमेरिकन कृष्णवर्णीय संगीताच्या रेकॉर्ड शोधून शोधून विकत घेणाऱ्या मुलांना, त्यांच्याच कपड्यांचे वर्णन करणारी उसनी गाणी कशाला हवी होती?

खरा बदल रंगमंचावर घडला. हॅरोच्या रेल्वे हॉटेलमध्ये किट लॅम्बर्ट आणि ख्रिस स्टॅम्प या चित्रपटव्यवसायातील दोन तरुणांनी त्यांना ऐकले आणि लवकरच व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. तिथेच टाउनशेंडच्या गिटारची मान कमी उंचीच्या छतावर आपटून अपघाताने मोडली, तेव्हा त्याने ती तशीच पूर्ण फोडून टाकली. या तोडफोडीला त्याने पुढे गुस्ताव मेट्झगर या कलावंताच्या आत्मविनाशी कलेच्या, म्हणजे स्वतःच नष्ट होणाऱ्या कलाकृतींच्या, विचाराशी जोडले. त्यांचे व्याख्यान त्याने महाविद्यालयात ऐकले होते. नोव्हेंबर १९६४पासून, पुन्हा 'द हू' या नावाने, लंडनच्या मार्की क्लबमध्ये दर मंगळवारी त्यांचे कार्यक्रम होऊ लागले.

जानेवारी १९६५मध्ये 'आय कान्ट एक्सप्लेन' आले आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. शेपर्ड्स बुशच्या गोल्डहॉक क्लबमधील मॉड मुलांनी, आम्हाला जे बोलता येत नाही ते या गाण्यात आहे, असे आपल्याला येऊन सांगितले आणि तेव्हा आपण कोणासाठी लिहायचे हे उमगले, असे टाउनशेंडने पुढे सांगितले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचे उत्तर याच प्रसंगात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'माय जनरेशन'मध्ये डॉल्ट्री अडखळत, तोतरेपणाने गातो. त्यात स्कूटर नाही, सूट नाही, तरीही गोळ्या घेऊन शब्द न सापडणारा तो मुलगा त्यात स्पष्ट ऐकू येतो. ते गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

तोवर बँड पॉप आर्टच्या (जाहिराती, ध्वज अशा रोजच्या चित्रांतून घडणाऱ्या कलेच्या) पोशाखाकडे, म्हणजे ब्रिटिश ध्वजाच्या जाकिटाकडे वळला होता. परंतु टाउनशेंडने तो श्रोता सोडला नाही: १९७३च्या 'क्वाड्रोफेनिया' या दुहेरी अल्बमचा नायक जिमी हा १९६४-६५च्या काळातील मॉड मुलगाच आहे.