पडीक रानात रोपं लावण्याआधी काय शिकावं, कुठे शिकावं

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित डोंगरउताराचं रान पडून आहे, नोकरी पुण्यात आहे, आणि हवामान बदलाचं भान ठेवून तिथे जंगल राखायला कुठे शिकता येईल, असं तुम्ही विचारलंय. यंदाच्या पावसाळ्यात हजार रोपं लावायचा बेत आहे, असंही लिहिलंय. तो बेत एक वर्ष पुढे ढकला, ही कळकळीची विनंती.

कोकणातलं 'पडीक' रान बहुधा मेलेलं नसतं. ठेकेदाराने लाकूड तोडून नेलेलं असतं, पण ऐन, किंजळ, जांभूळ यांचे खुंट जमिनीत जिवंत असतात. पाऊस सुरू झाला की ऐनाच्या एखाद्या खुंटापाशी बसून बघा. कडेने आठ-दहा फुटवे एकमेकांना रेटत वर आलेले दिसतील. त्यांतले जमिनीलगत फुटलेले, सरळ, जोमदार असे एक-दोन ठेवायचे आणि बाकीचे कोयत्याने छाटायचे. मुळांचा पसारा आधीच खोल गेलेला असल्याने पावसाने ऐन जुलैत दडी मारली तरी हा फुटवा तग धरतो. नर्सरीतलं रोप त्याच उतारावर माना टाकतं. पाऊस इतका बेभरवशाचा झालेला असताना हा फरक फार मोठा आहे.

रानात कातळसडा, म्हणजे जांभ्याचं उघडं सपाट पठार, असेल तर तिथे खड्डेच खणू नका. मे महिन्यात तो उजाड दिसतो, पण पाऊस लागताच दीपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं. तिथे अकेशिया लावून 'हिरवळ' करणं म्हणजे एक जिवंत अधिवास बुजवणं.

आता शिकायचं कुठे. नोकरी सांभाळून करायचं असेल तर पुण्यातल्या इकॉलॉजिकल सोसायटीपासून सुरुवात करा. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये ही संस्था काढली. तिचा निसर्गसंसाधन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यात जमीन, पाणी, झाडोरा हे एकत्र बघायला शिकवतात. तुम्हाला नेमकं तेच हवंय. खाजगी जंगलं मालकांशी करार करून राखण्याचं काम तुमच्याच भागात अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने केलंय; त्यांच्याशी जरूर बोला. वनस्पती ओळखायला बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) छोटे अभ्यासक्रम चांगले. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वानिकीची पदवी आहे, पण ती बारावीनंतरच्या मुलांसाठी. घरात कोणी असेल तर सांगा.

फुकटात शिकायचं तर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदींचा लोकसहभागी उपक्रम. एक झाड नोंदवायचं आणि दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं टिपायची. पुण्यात सोसायटीच्या आवारातलं झाडसुद्धा चालतं. बहर मागेपुढे होतोय का, हे अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी शाळा मात्र गावची देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचं मोल शास्त्रालाही कळलं. मानकऱ्यांना विचारून आत जा, सोबत गुरं राखलेला एखादा जाणता माणूस घ्या. तुमच्या मातीत मुळात काय वाढत होतं ते तिथे उभं आहे. पुढेमागे बी गोळा कराल तेही अशाच आसपासच्या, आणि एका नव्हे अनेक, झाडांखालचं.

यंदा करायची कामं दोनच. सातबारा नीट बघा. खाजगी वन म्हणून शेरा असेल तर १९७५ चा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा लागू होतो, आणि एरवीही झाड तोडायला परवानगी लागू शकते. फुटवे विरळण्याआधीही वनपालांना विचारून घ्या. दुसरं, वणवा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की हद्दीने रुंद पट्टा कापून साफ करा, रानमोडीचं तण मुळासकट उपटा, आणि शेजारचे लोक गवत कधी जाळतात ते आधी जाऊन विचारा. शेजाऱ्यांनाही पट्टा काढायला सोबत घेतलंत तर खर्च वाटला जाईल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आग दिसली की धावून येणारी माणसं जवळच असतील.