प्रदर्शनातली डिझाइन्स आणि आपली गोधडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यातल्या चार मैत्रिणी मिळून गोधड्या आणि क्विल्ट शिवतो. कापड नेहमी जांभळी नाक्यावरून नाहीतर मंगलदास मार्केटमधून आणतो. वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये कापडाच्या ट्रेड शोला गेलो आणि वेडच लागलं. मोठमोठी फुलं, मोर, पोपट, इतकी सुंदर प्रिंट्स घेऊन आलो, पण कापून जोडल्यावर सगळं गिचमिड दिसायला लागलं. पुन्हा जायचंय, तर डिझाइन निवडताना काय बघायचं?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : प्रिंट्स चांगलीच असणार हो, फक्त ती ताग्यावर बघून घेतली गेली. स्टॉलवर कापड दोन-तीन मीटर सोडून दाखवतात, मोर अख्खा दिसतो, पण तुमच्या क्विल्टमध्ये जाणार पाच नाहीतर अडीच इंचाचा तुकडा आणि त्यात मोराची मान एकीकडे नि पिसारा भलतीकडे. माझं ठाम मत आहे की क्विल्टसाठी डिझाइन तुकड्यातच बघावं. घरून निघताना एका पुठ्ठ्याला पाच इंचाची चौकोनी खिडकी कापा, दुसऱ्याला अडीच इंचाची, आणि स्टॉलवर ती कापडावरून सरकवत न्या. चार-पाच ठिकाणी ठेवून बघा, प्रत्येक ठिकाणी काहीतरी छान दिसलं तर ते कापड तुमचं, नाहीतर कितीही आवडलं तरी पुढच्या स्टॉलकडे चला.

आणि सगळ्या जणी मोठ्या प्रिंट्सवरच तुटून पडतात, पण क्विल्ट उठून दिसतो तो बारीक बुट्टी, रेघा, ठिपके आणि लांबून प्लेन वाटणारं कापड यांच्यामुळे. एक मोठं प्रिंट घेतलं की त्याच्याच रंगातली दोन-तीन बारीक प्रिंट्स तिथल्या तिथे शोधा. रंग जुळवायचा सोपा मार्ग सांगते, क्विल्टिंगसाठी मिलमध्ये छापलेल्या कॉटनच्या किनारीवर रंगाचे छोटे गोल ठिपके असतात, छपाईत जितके रंग तितके ठिपके, मग ती किनार दुसऱ्या कापडाला लावून बघायची, अख्खं डिझाइन डोळ्यांत घुसत नाही आणि रंग नेमका कळतो. शिवाय निवडलेली कापडं शेजारी ठेवून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. सगळं एकाच राखाडी छटेचं दिसलं तर फिकं आणि गडद यांत फरकच नाही, मग तुकड्यांचा ब्लॉक, म्हणजे जोडून केलेला नक्षीचा चौकोन, कितीही मेहनतीने जोडला तरी नक्षी दिसणार नाही.

मोरच हवा असेल, प्रत्येक चौकोनात अख्खा, तर डिझाइनचा रिपीट, म्हणजे तेच चित्र किती अंतराने पुन्हा येतं ते, विचारा. रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या जाळीदार रुळाने, छापलेल्या कापडात तोच मोर साधारण ६४ सेंटिमीटरनी पुन्हा येतो. पन्ह्यात दोनच मोर बसत असतील तर बारा मोरांसाठी सहा रिपीट, म्हणजे जवळजवळ चार मीटर कापड लागतं, हे आधी माहीत असलं की हिशोब चुकत नाही. हाताला पण लावून बघा कापड, कारण तेच प्रिंट शेजारच्या स्टॉलवर रेयॉनवर असतं, कुर्त्याला ठीक आहे पण क्विल्टमध्ये ते सरकतं, ताणलं जातं आणि कोपरे जुळत नाहीत.

अख्ख्या ताग्यापेक्षा कमी देत नाहीत म्हणाले तर तुम्ही चौघी आहातच, तागा वाटून घ्या. पाव-पाव मीटर मिळत असेल तर लांब पट्टी नका घेऊ, अर्धा मीटर लांब आणि अर्धा पन्हा असा कापून मागा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात पाव मीटरच्या पट्टीतून पाच इंची चौकोन निघतात आठ, आणि असा कापला तर बारा, पैसे तेवढेच.

प्रश्न : अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या शोमधली नवीन डिझाइन्स इन्स्टाग्रामवर दिसतात, ती इथे का मिळत नाहीत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तिथलं क्विल्ट मार्केट नावाचं प्रदर्शन दुकानदारांसाठी, सामान्य लोकांसाठी त्याला जोडून वेगळं फेस्टिव्हल. कंपन्या मार्केटमध्ये नमुने दाखवतात, दुकानं ऑर्डर देतात आणि कापड कित्येकदा काही महिन्यांनी येतं, त्यामुळे तुम्ही फोटो बघता तेव्हा ते तिथल्याही दुकानात पोचलेलं नसतं. त्यातून शिकण्यासारखं एकच, मोठी, मध्यम, बारीक प्रिंट्स सगळी एकाच रंगसंगतीत काढलेली असतात. तसं कलेक्शन आपल्याकडे बगरूच्या, म्हणजे राजस्थानातल्या ठशांनी छापलेल्या कापडाच्या, स्टॉलवर तयारच असतं. पारंपरिक कामात काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून केलेला, लाल तुरटीच्या खळीवर चढवलेला आणि कापडाची जमीन हिरड्याच्या पाण्यात भिजवलेली पिवळसर, सगळी प्रिंट्स याच दोन-तीन रंगांत, म्हणून डोळे मिटून कुठलीही चार उचला, एकमेकांत बसतात. जवळून बघितलं तर ठसा कुठे संपला नि दुसरा कुठे लागला तो सांधा दिसतो, एखादा केसभर सरकलेला असतो. मला ते फार आवडतं, क्विल्टमध्ये त्याने जिवंतपणा येतो.

फक्त अस्तराचं कापड त्याच दिवशी घ्या, तेच प्रिंट पुन्हा त्याच छटेत मिळेल याची खात्री नसते. ६० बाय ९० इंचाच्या सिंगल क्विल्टला ४४ इंच पन्ह्याचं सव्वापाच मीटर लागतं, मधे एक जोड आणि आटायला थोडं धरून.

प्रश्न : शोमधून अजरख, म्हणजे कच्छकडचं निळं-लाल ठशांचं कापड, घेतलंय, पांढऱ्यासोबत लावायचंय. रंग जाईल का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने जोरात घासून बघा. निळा किंवा लाल उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते वेगळं धुवा, रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरवर विसंबू नका. सावलीत वाळवा आणि पुन्हा घासा. तरीही रंग लागत असेल तर पांढरं सोडा, गडद मातकट रंगासोबत लावा.