बाहेर पाऊस, घरात चार मित्र आणि गाता कुणालाच येत नाही. भजन कसं करावं?

पावसामुळे देवळातलं भजन बुडतं, आणि घरी बसावं म्हटलं तर एकालाही धड गाता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही सांगलीत सहाजण हेच करतो, आणि आमच्यातही गवई कुणी नाही.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती वर किंवा खाली धरायचा ते. घरच्या भजनाची वाट लागते ती इथंच. ज्याचा आवाज चांगला तो हौसेनं वरच्या पट्टीत सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्याला बाकीचे नुसते ओठ हलवत बसतात. म्हणून ज्याचा आवाज सगळ्यात कमी चढतो, त्याला अंतरा (वर चढणारं कडवं) झेपेल अशी पट्टी धरा. तानपुरा आम्ही मोबाइलवर लावतो. (मिरज हाकेच्या अंतरावर, तिथल्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि आमचं हे असं! पण असल्या दमट हवेत खरा तंबोरा जुळवत कोण बसणार?)

टाळाचा जोड एकच ठेवा. देवळात वीस चालतात. हॉलमध्ये दोन झाले की शब्द ऐकू येत नाहीत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. ठेका साधा भजनी, आठ मात्रांचा.

पखवाज असेल तर तो पावसात रुसणार हे धरून चाला. चामडं ओल धरतं, सूर उतरतो, मग हातोडीनं गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायचं. डाव्या पुडीला (चामड्याच्या तोंडाला) लावलेली कणीक उठताना आठवणीनं खरवडून काढा. मी एकदा विसरलो, तर उंदरांनी रात्रीत पुडीच कुरतडली.

क्रम नेहमीचाच: नामाचा गजर, रूपाचा अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा), मग ज्याला जे पाठ असेल ते, एखादी गौळण, शेवटी पसायदान. अभंग कागदावर उतरवून ठेवा, लाइट जातेच.

आमचं सुरू झालं 2019 च्या ऑगस्टात. महापूर आलेला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्याही वर गेलेलं. नदीकाठच्या गावभागातले दोन मित्र बायकापोरांसह माझ्याकडं विश्रामबागला आले होते. वीज नाही, फोन बंद, पोरं रडकुंडीला आलेली. त्या दोन मित्रांतल्या एकानं पिठाच्या डब्याचं झाकण उलटं धरलं आणि ठेका सुरू केला. त्याचा आवाज जाडा, वर जातच नाही, त्यामुळं सगळेच खाली गायलो. पुढं पेटी आणल्यावर ती पट्टी शोधली, पांढरी एक (पेटीवरची पहिली पांढरी पट्टी) निघाली. आजही तीच धरतो. तो कधी आला नाही तरी.