इंग्लंडच्या मोटरवेवर सतत मधल्या लेनमधून गाडी चालवली तर दंड होतो का? आपल्याकडे असा नियम आहे का?

होतो. शंभर पौंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. ऑगस्ट २०१३ पासून तिथले पोलीस कोर्टात न नेता जागच्या जागी हा दंड लावू शकतात.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की तुमचा भाचा म्हणतो, "मी मधूनच चालवतो, दोन्ही बाजूंना जागा राहते." ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून वीस वर्षं ऐकतोय.

मी बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत (आपली एमआयडीसी तशी गुजरातची औद्योगिक वसाहत) छोटं वर्कशॉप होतं, माल अमदावादला वटव्याला जायचा. २००४ मध्ये अमदावाद–बडोदा एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला आणि आठवड्यातून दोनदा त्या ९३ किलोमीटरवर माझी व्हॅन. जायला दोन लेन, यायला दोन. मधली नावाची भानगडच नाही. सुरुवातीला मीही उजवीकडे ठाण मांडायचो. एकदा दुमाड चोकडीच्या चहाच्या टपरीवर एक काठियावाडी टेम्पोवाला मला म्हणाला, "ओवरटेक थई गयो ने? तो हवे घरे जाव." ओलांडून झालं ना, मग आता घरी जा. घर म्हणजे डावी लेन. वय असेल साठीचं, कानात भिकबाळीसारखं काहीतरी, आणि माझ्यामागे सहा किलोमीटर अडकून आल्यामुळे चेहरा असा की मी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून घरी जायची सवय लागली.

आता साडू. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कोथरूडला राहतात. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे जणू त्यांच्या वडिलांनी बांधून ठेवलेला. तिथे एका बाजूला तीन लेन, आणि अण्णांचा सिद्धांत असा: डावी ट्रकवाल्यांची, उजवी माजलेल्यांची, मधली सभ्य माणसांची. लोणावळ्यापर्यंत ऐंशीच्या स्पीडने मधून. मागचा डिपर देऊन देऊन थकला तरी आरशात बघायचं नाही. भाचीच्या लग्नात भर पंगतीत मला म्हणाले, "तुमच्या बडोद्याला लेनच दोन, तुम्हाला मधली काय कळणार?" श्रीखंडाची वाटी हातात होती म्हणून गप्प बसलो.

२०१८ च्या जुलैत आम्ही दोन्ही जोडपी आमच्या लेकीकडे लेस्टरला गेलो. महिनाभर आधीपासून अण्णांचा फोनवर हट्ट, "मी तिथे चालवणार." इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलेलं. लेकीने बिचारीने एका दिवसाच्या विम्यात त्यांचं नाव घालून घेतलं. हीथ्रोवरून निघालो, वॉटफर्ड गॅपला थांबलो. एम वन, म्हणजे आम्ही ज्यावर होतो तो मोटरवे, सुरू झाला १९५९ साली, आणि हा थांबाही त्याच दिवशी, असं लेक सांगत होती. तिथे बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो खाल्ला, हात पुसले, आणि अण्णा स्टिअरिंगवर बसले.

बसले ते थेट मधल्या लेनमध्ये. स्पीडोमीटर मैलांत, त्यामुळे पन्नासवर काटा आला की त्यांना पुरे वाटायचं. मर्यादा सत्तर मैलांची. डावी लेन अंगणासारखी मोकळी. लेक शेजारी बसून दर दोन मिनिटांनी, "काका, डावीकडे घ्या ना." काका म्हणतात, "अगं, पुढे एखादा ट्रक आला की परत मधे यावंच लागेल, कशाला उगाच लेन बदलायची?"

मी मागे वळून पाहिलं. एक भलामोठा ट्रक आमच्या मागे चिकटलेला, त्याच्यामागे अजून एक, त्यामागे एक बस. ट्रक दिवे मारतोय. अण्णा म्हणतात, "काय घाई आहे ह्याला?"

इथे तुमच्या प्रश्नातली मुख्य गोष्ट आहे, ती भाच्याला नीट सांगा. तिकडे तीन लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या ट्रकला सगळ्यात उजव्या लेनमध्ये जायला बंदी. शिवाय ट्रकचा स्पीड यंत्राने बांधलेला, ताशी ५६ मैल, म्हणजे आपले नव्वद किलोमीटर. आणि डावीकडून ओवरटेक करू नका, असं हायवे कोड, म्हणजे तिथली वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका, सांगते. म्हणजे पन्नासने मधून चाललेल्या एका गाडीने त्या ट्रकचा रस्ताच संपवला. उजवीकडे जाता येत नाही, डावीकडून काढायचं नाही. कारवाल्याचं तेवढं अडत नाही, पण डाव्या लेनमधून शिस्तीत येणाऱ्या कारला दोन लेन ओलांडून उजवीकडे जावं लागतं आणि परत दोन ओलांडून घरी यावं लागतं. कुणाची लेन बदलायची मेहनत वाचावी म्हणून? अण्णांची. तीन लेनचा रस्ता त्यांनी एकट्याने दोनचा केला होता, वर आपण सुरक्षित चालवतोय असा समज.

मग निळे दिवे दिसले. पोलिसांची गाडी पुढे आली, मागून या असा इशारा, लटरवर्थच्या एक्झिटला बाहेर काढून थांबवलं. पोलीस तरुण होता, अतिशय सौम्य. खिडकीशी वाकून त्याने विचारलं, डाव्या लेनमध्ये काही अडचण होती का? अण्णा म्हणाले, "नो सर, आय वॉज बीइंग सेफ." तो म्हणाला, मी चार मैल तुमच्या मागे आहे, चार मैल ती लेन रिकामी होती. एवढंच. आवाज चढवला नाही. अण्णांच्या मानेवर घाम मला मागून दिसत होता. मेहुणीने काय वाटलं कोण जाणे, चेवड्याची पिशवी खिडकीतून पुढे केली. त्याने हसून नको म्हटलं, पाहुणे आहात म्हणून दंड केला नाही, तोंडी समज दिली आणि गेला. उरलेला रस्ता लेकीने चालवला.

पुण्यात ही गोष्ट कशी सांगितली जाते ते ऐकायचंय? "इंग्लंडच्या पोलिसांनी माझं परमिट तपासलं, एकदम ओके निघालं." मी हजर असताना सांगितली जाते.

असो. नियम सोपा आहे: रस्ता मोकळा असेल तर डावीकडे, ओलांडायचं तेवढ्यापुरतं मधे किंवा उजवीकडे, झालं की परत. तिकडे लेनला स्लो-फास्ट म्हणतच नाहीत, डावीकडून एक, दोन, तीन. दोन आणि तीन दोन्ही ओवरटेकच्याच. भाच्याने तिकडची परीक्षा देऊन नवं लायसन्स काढलं असेल तर जास्त जपावं. पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, म्हणजे असे दोन दंड पुरतात. सभ्य माणसांची लेन वगैरे ऐकून घेणार नाहीत.

आपल्याकडे? डाव्या बाजूने चालवा हे वाहन चालवण्याच्या १९८९ च्या नियमावलीतही होतं. २०१७ साली तिच्या जागी नवी आली. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही नियमावली मोडली तर पाचशे ते हजार रुपये दंड. कागद आहे. पण 'मधली लेन अडवली' म्हणून पावती फाडलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. मुंबई–पुण्याला आता कॅमेरे लागलेत आणि लेन मोडल्याचीही चलनं घरी येतात, अण्णा त्यावर बोलत नाहीत.

एक मात्र मान्य करायला हवं, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. मुंबई–पुण्याला अवजड वाहनांनी डाव्या लेनमधून जावं असे फलक आहेत, त्यामुळे कारवाल्याला मधली आपली वाटते, त्यात नवल नाही. आणि आपल्याकडची डावी लेन म्हणजे इंग्लंडची डावी लेन नव्हे. २०११ मध्ये वासदच्या अलीकडे रात्री साडेअकराला मी माझ्या 'घरातून' चाललो होतो, नव्वदने. समोर रस्त्यावर दगडांची ओळ आणि बाभळीच्या फांद्या. ट्रक बंद पडला की मागे असं मांडून ठेवतात, माहीत असेलच. ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला होता, दगड तिथेच. उजवीकडे कोणी नव्हतं म्हणून वाचलो, पुढचं एक चाक मात्र गेलं. मागचा लाल दिवा नसलेले उभे ट्रक, उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर, सगळे डावीकडेच भेटतात. म्हणून रात्री मीही उजवीकडून चालवतो, आरशात दिवे दिसले की बाजूला होतो. हे अण्णांच्या मधल्या लेनसारखं नाही. ते आरशात बघत नाहीत.

गर्दीची रांग लागली असेल, सगळ्या लेन गोगलगाईसारख्या सरकत असतील, तर हे काही लागू नाही. आहात तिथे रहा.

२०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली–मुंबई एक्सप्रेसवेचा आमच्या बडोद्यापासून भरूचपर्यंतचा तुकडा खुला झाला. एका बाजूला चार लेन. त्या दिवाळीला अण्णा पुण्याहून गाडी घेऊन आले, आणि मेहुणीने वाटेतून कुटुंबाच्या ग्रुपवर समोरच्या काचेतून काढलेला फोटो टाकला, 'मस्त रस्ता!' चार लेनमध्ये मधली कुठली हे त्यांना ठरवता आलं नसावं, दोन मधल्यांच्या बरोबर मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर बॉनेट आहे. डावी लेन क्षितिजापर्यंत रिकामी. तो फोटो मी मोठा करून त्यावर लाल गोल काढून ठेवलाय, फोनमध्ये आहे, अजून पाठवलेला नाही.