मुलामा नंतर, आधी शिक्के

सोन्याचा मुलामा दिलेला जुना इंग्लिश चांदीचा कप हातात आला की आधी तो उलटा करा आणि शिक्के, म्हणजे धातूवर ठोकलेल्या छोट्या अधिकृत खुणा, वाचा. सोन्याच्या झळाळीकडे नंतर बघा. चालता सिंह म्हणजे 92.5 टक्के चांदी. राजाचं किंवा राणीचं मस्तक ही कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 मधली. बिबट्याचं डोकं हा लंडनचा शिक्का, त्याच्यावरचा मुकुट 1821 मध्ये गेला. झाकणावरही शिक्के शोधा, कधीकधी ते दुसऱ्याच कपाचं असतं.

पण खरा जीव कोरलेल्या मजकुरात. कोणाला, कशासाठी दिला, तोच त्याचा इतिहास. तो खरवडलेला असेल तर पत्रा तिथे पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबा, कळतं.

आणि कृपा करून पॉलिश लावू नका! पारा उडवून चढवलेला जुना मुलामा घासला की गेलाच. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, बास.